चष्मेवाल्यांनी सायकल चालवायची की नाही?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत सायकलिंगवर पान होतं, छान होतं. मरीन ड्राइव्हला पहाटे जमणारी मंडळी, हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत टीशर्ट, मागे समुद्र, सगळं वाचलं आणि मग सवयीने फोटो जवळ धरून नीट बघितले (जवळ म्हणजे अगदी नाकाजवळ, चष्मा काढून, का ते पुढे येईलच). पाच फोटोत मिळून अकरा माणसं आणि एकाच्याही डोळ्यावर नंबरचा चष्मा नाही. गॉगल मात्र सगळ्यांना. आमच्यासारखे जाड भिंगवाले सायकल चालवतच नाहीत असं तुमच्या फोटोग्राफरला वाटतं की आम्ही फोटोत बरे दिसत नाही, कोण जाणे. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधला स्पीडब्रेकरचा भाग ठेवा एवढी विनंती.

मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ५२, नोकरी कांजूरमार्गला. गेली नऊ वर्षं आजारपण आणि मोठा पाऊस सोडला तर सायकलनेच जाते. हायवेचा सर्व्हिस रोड, ऐरोली जंक्शनचा गोंधळ, मग भांडुप पंपिंग स्टेशनचा फाटा मागे टाकून पुढे, साधारण सात किलोमीटर. तुमच्या फोटोतल्यासारखी लाखाची सायकल नाही, साधी सरळ हँडलची, पुढे टोपली लावलेली. मुलगी तिला भाजीची गाडी म्हणते.

आता नंबर सांगते म्हणजे पुढचं कळेल. उजवा मायनस साडेसहा, डावा मायनस सात, सिलिंडर (डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा नंबर) वेगळा, आणि चाळिशी लागली तेव्हापासून वाचायचा जास्तीचा नंबर, तो आता दोनवर आलाय. मायनस नंबर म्हणजे काय हे फार लोकांना माहीत नसतं, सोपं गणित आहे, शंभराला नंबराने भागायचं, जे उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत माणसाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. माझं उत्तर पंधरा येतं. वीतभरसुद्धा नाही! त्याच्या पलीकडे जग आहे, पण ते पावसातल्या गाडीच्या काचेतून बघितल्यासारखं. त्यामुळे कोणी मला "मग चष्मा काढून चालवा ना, घामाने घसरतोय तर" असा सल्ला दिला (दिलाय, सोसायटीतल्या एका काकांनी) की हसावं की रडावं कळत नाही.

पण चष्मा आहे म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, आणि हे मला पडल्यावर कळलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. म्हणजे एकाच काचेत वर लांबचं, मध्ये कॉम्प्युटरचं, खाली वाचायचं, आणि मधे रेघ नाही. महाग असतो, दुकानातल्या मुलाने खूप कौतुक करून विकला आणि ऑफिसात खरंच झकास होता, स्क्रीन दिसतेय, फाइल दिसतेय, समोरच्याचा कंटाळलेला चेहरापण दिसतोय. तिसऱ्या दिवशी सायकलवर घातला. आमच्या भागात एक गल्ली आहे, रोजची, इतकी रोजची की डोळे मिटून चालवावी. तिथे रात्रीतून कोणीतरी स्पीडब्रेकर टाकला होता, काळ्या रस्त्यावर काळा ढीग, पांढऱ्याचा एक ठिपका नाही. माझी नजर सवयीने पुढच्या चाकाच्या पुढे चारपाच फुटांवर, म्हणजे मान सरळ आणि डोळे खाली, म्हणजेच मी काचेच्या कुठल्या भागातून बघत होते? वाचायच्या! तो भाग हाताएवढ्या अंतरावरच्या छापील अक्षरासाठी केलेला, रस्ता त्याच्या बाहेर. मला रस्ता दिसत होता तो मऊ गादीसारखा, एकसारखा काळा, आणि पुढच्या क्षणाला मी हँडलवरून पुढे आणि टोपलीतला डबा माझ्याही पुढे.

गुडघा सोलला आणि डाव्या भुवईवर तीन टाके. फ्रेमची दांडी तुटून गालावर ओरखडा उठला पण काच फुटली नाही, कारण काच पॉलिकार्बोनेटची होती. हे एक मुद्दाम सांगते. माझ्या लहानपणी खरोखरच्या काचेचे चष्मे असायचे, पडलं की तुकडे. नंतर साध्या प्लॅस्टिकच्या काचा आल्या, त्या हलक्या पण जोराचा फटका बसला तर तडकू शकतात. पॉलिकार्बोनेट फटका सोसतं, ओरखडे मात्र पटकन पडतात म्हणून वर कडक कोटिंग लागतं. दुकानात आपण विचारतो पातळ आहे का, ब्लू कट आहे का, एकावर एक फ्री आहे का. तोंडावर पडले तर डोळ्यात जाईल का हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

तर तुटलेली फ्रेम घेऊन दुकानात गेले. मुलगा म्हणाला, "मॅडम, सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतातच." मी म्हटलं अरे बाबा सवय होईपर्यंत मी राहिले पाहिजे ना. त्याने तरी काय करावं, त्याला तेच शिकवलेलं. नशीब की आत एक वयस्कर गृहस्थ नंबर तपासायला बसायचे ते बाहेर आले, माझी भुवई बघितली आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग जो प्रश्न विचारला तो माझ्या आयुष्यात, म्हणजे सातवीपासून चष्मा आहे, कुठल्याही चष्म्याच्या दुकानात कोणी विचारला नव्हता. "सायकलवर तुम्ही बसता कशा?"

मी म्हटलं बसते म्हणजे, बसते. ते म्हणाले दाखवा. मग दुकानातलं गोल फिरतं स्टूल मधे घेतलं, समोर एक खुर्ची पाठमोरी ठेवली, तिची पाठ म्हणजे माझं हँडल. गिऱ्हाइकं बघतायत, बाहेर वडापाववाला बघतोय, आणि मी ड्रेसची ओढणी खोचून खुर्चीची पाठ धरून पुढे झुकून बसलेय. म्हणाले आता लांब ट्रक आहे असं समजून बघा. बघितलं. आता खाली खड्डा बघा. बघितलं. त्यांनी मार्करने माझ्या जुन्या चष्म्याच्या काचेवर दोन ठिपके काढले, एक सरळ बसल्यावर बुबुळ कुठे येतं त्याचा आणि एक झुकल्यावर. चष्मा काढून हातात दिला. दोन ठिपक्यांत जवळजवळ एक सेंटिमीटरचं अंतर! झुकलं की मान खाली जाते आणि लांबचं बघायला डोळे वर जातात, त्यामुळे मी ट्रक बघत होते फ्रेमच्या वरच्या काठाजवळून, आणि खड्डा बघायला डोळे खाली आणले की नव्या चष्म्यात ते गेले वाचायच्या भागात.

बरं, काठाजवळून बघितलं तर काय बिघडलं, नंबर तर सगळीकडे सारखाच ना, असं मला वाटायचं (प्रोग्रेसिव्हचं सोडा, साध्या एका नंबराच्या काचेत). तसं नसतं. काचेचा एक मध्य असतो, त्यातून बघितलं तर वस्तू जागच्या जागी, मध्यापासून जितकं बाजूला जाल तितकी ती सरकलेली दिसते. सात नंबरच्या काचेत मध्यापासून एक सेंटिमीटर सरकून बघितलं तर एक मीटरवरची वस्तू सात सेंटिमीटर हललेली दिसते. सात सेंटिमीटर म्हणजे सायकलच्या टायरला खूप झाले. कमी नंबरवाल्यांना हे जाणवतही नाही, दोन नंबर असला तर दोनच सेंटिमीटर. म्हणजे ज्याचा डोळा मुळात अधू त्यालाच हा वरचा दंड.

आणखी एक गंमत, मोठा मायनस नंबर असलेल्यांना माहीत असेल, बाकीच्यांना पटणार नाही. फ्रेमच्या बाजूच्या कडेला एकच वस्तू दोनदा दिसते. उजवीकडून रिक्षा ओव्हरटेक करतेय, ती आधी काचेबाहेर येते, मोठी, पिवळी-काळी, धुकट, आणि त्याच वेळी काचेच्या आत तीच रिक्षा बारीक आणि स्वच्छ. मायनसच्या काचेतून सगळं लहान दिसतं ना, त्यामुळे. मग यातली खरी कुठली, किती जवळ आली, हे मेंदू रोज नव्याने ठरवत बसतो. म्हणून मी हँडलला उजवीकडे आरसा लावलाय, मागचं आरशात बघायचं आणि वळायच्या आधी नुसते डोळे न फिरवता अख्खी मान फिरवायची, शाळेतल्या पीटीसारखी. लोकांना वाटतं बाई फार शिस्तीची आहे.

शेवटी झालं काय, त्या गृहस्थांनी मला सायकलसाठी वेगळा चष्मा करून दिला, फक्त लांबचा नंबर, पॉलिकार्बोनेट, फ्रेमची उंची जास्त, नाकावरची पॅडं अशी की काच थोडी वर बसते, आणि काचेचा मध्य नेहमीपेक्षा जरासा वर, दोन ठिपक्यांच्या मधे कुठेतरी. प्रोग्रेसिव्हच्या निम्म्याहून कमी पैसे. त्याने मोबाइलवरचं काही वाचता येत नाही, पण सायकलवर मोबाइल वाचायचाच कशाला. गोल गुंडाळल्यासारखी स्पोर्ट्सवाली फ्रेम मागितली तर म्हणाले तुमच्या नंबरला नको, वाकलेल्या काचेत एवढा नंबर बसवला की कडेचं अजून वाकडं दिसेल. दोन्ही दांड्यांना मागून दोरी. मुलगी म्हणाली, "आई, तू आता पेन्शन घ्यायला निघाल्यासारखी दिसतेस." दिसू दे. घामाने नाकावरून घसरलेला चष्मा एका हाताने वर ढकलताना दुसऱ्या हातातलं हँडल काय करतं हे तिला माहीत नाही.

तर चष्म्याच्या दुकानदारांना माझी पहिली विनंती ही की नंबर काढताना आम्हाला खुर्चीत ताठ बसवून सहा मीटरवरचा बोर्ड वाचायला लावता, ते बरोबर आहे, पण चष्मा घालून माणूस दिवसभर काय करणार आहे हे एका वाक्यात विचारा. सायकलवाल्याला, रंगाऱ्याला, वर बघून पंखे दुरुस्त करणाऱ्याला एकच प्रोग्रेसिव्ह कसा चालेल. स्टूल तर प्रत्येक दुकानात असतंच.

आता स्पीडब्रेकर. घरी पडल्या पडल्या (तीन टाके म्हणजे दोन दिवस रजा) मी शोधून वाचलं. इंडियन रोड्स काँग्रेसची (रस्ते कसे बांधायचे त्याची मापं ठरवणारी संस्था) यावर वेगळी मार्गदर्शिका आहे, आयआरसी ९९, मूळ १९८८ सालची, २०१८ मध्ये सुधारलेली. १९८८च्या मार्गदर्शिकेत गोलाकार स्पीडब्रेकरचं माप दिलं होतं, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने जावी असा पसरट उंचवटा. त्यावर काळे-पांढरे पट्टे रंगवायचे आणि ४० मीटर आधी सूचनेचा फलक लावायचा असं त्यात होतं. पुस्तक मिटलं आणि खिडकीतून खाली बघितलं तर आमच्या गल्लीतला तो ब्रेकर माझ्या दोन पावलांएवढा रुंद, उंची मात्र वीतभर, फलक नाही, पट्टे नाहीत. मोटारवाल्याला तो फक्त धक्का देतो. सायकलच्या बारक्या चाकाला ती भिंत असते, आणि जिला मुळात काळ्यावर काळं दिसत नाही तिला ती अदृश्य भिंत. धड दिसणाऱ्यांनाही दिसत नाही हो, समोरच्या बिल्डिंगमधला स्कूटरवाला त्याच आठवड्यात आपटला आणि त्याचे डोळे सहा बाय सहा, म्हणजे चष्म्याशिवाय ठणठणीत आहेत.

मला ब्रेकर नको असं मुळीच नाही, शाळा आहे तिथे, हवाच. माझं म्हणणं एवढंच की ज्या दिवशी टाकता त्याच दिवशी रंगवा. एक डबा पांढरा रंग लागतो. रस्ता खणला की भोवती जे पत्रे लावतात त्यांनाही चमकणारी पट्टी असली तर हेडलाइटमध्ये लांबून दिसतात, नसली तर संध्याकाळी सातला तो राखाडी पत्रा आणि राखाडी रस्ता एकच. काँक्रीटच्या रस्त्यांचं सगळे कौतुक करतात, मीही करते, खड्डे गेले, पण दोन स्लॅबमधली जी लांबच लांब फट असते ती वेळेवर भरलेली नसली तर सायकलचं चाक त्यात रेल्वेसारखं अडकतं. ती फट सकाळी तिरप्या उन्हात दिसते, दुपारी डोक्यावर ऊन आलं की गायब. मी आता फट होईल तितकी काटकोनात ओलांडते, तिला समांतर कधी जात नाही. पेव्हर ब्लॉकचं तर बोलायलाच नको, एक निघाला की दात पडल्यासारखं.

खरं सांगायचं तर आम्ही चष्मेवाले रस्ता बघून चालवतच नाही, पाठ करून चालवतो. कुठे झाकण वर आलंय, कुठे जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने आहेत, कुठल्या झाडाखाली शेवाळ धरतं, सगळं पाढ्यासारखं पाठ. त्यामुळे रस्त्यात रात्रीतून केलेला बदल आम्हाला सगळ्यात आधी लागतो.

पावसाबद्दल थोडक्यात. काचेला वायपर नसतो. हेल्मेटच्या खाली साधी टोपी घालायची, तिचं टोक पुढे आलं की निम्मे थेंब अडतात, हा उपाय फुकटचा आणि सगळ्यात चांगला. वाफेचं मात्र वेगळं, चालती सायकल असताना वारा लागतो म्हणून काच स्वच्छ असते आणि सिग्नलला थांबलं रे थांबलं की स्वतःच्याच श्वासाने आणि घामाने दोन्ही काचा पांढऱ्या. लाल सिग्नलचा हिरवा झाला हे मला मागच्या हॉर्नवरून कळतं! भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेला चोळून कोरड्या मऊ कापडाने पुसून टाकायचा, पातळ थर राहिला की वाफेचे थेंब धरत नाहीत, पसरून जातात. तासभर टिकतं. पण ओढणीने काच पुसायची नाही, हे मला फार उशिरा कळलं. ओढणीवर रस्त्याची धूळ असते, म्हणजे आपण काचेला पॉलिश पेपर मारतो. आधी पाण्याची धार, मग पुसणं. आणि धो धो असेल तर सरळ ट्रेन, उगाच शौर्य नाही.

रात्री निघायला उशीर झाला की खरी परीक्षा. समोरून येणारे ते पांढरे एलइडी, त्यात हाय बीम, आणि काचेवर ओरखडे, प्रत्येक ओरखडा त्या उजेडाची एक एक रेघ करतो आणि सिलिंडरचा नंबर जुना झालेला असला की दिव्याला काटे फुटतात. अँटिग्लेअर कोटिंगने काचेतल्या काचेत होणारी चमक कमी होते, समोरच्याचा दिवा कमी होत नाही, हे लोकांना सांगत नाहीत. रस्त्यावर त्या पिवळ्या काचांचे नाइट ड्रायव्हिंगवाले चष्मे विकतात, एकदा घेतला, त्याने सगळाच उजेड कमी होतो, दिव्याबरोबर खड्डापण. मी आता समोरून झोत आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवते आणि स्पीड कमी करते, अगदीच आंधळं झाल्यासारखं वाटलं तर उतरून उभी राहते. काचा मात्र दर दीड-दोन वर्षांनी बदलते, नंबर तोच असला तरी.

दुपारी रंग बदलणाऱ्या काचा चांगल्या, असं म्हणतात. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि काळ्या पटकन होतात पण परत स्वच्छ व्हायला काही मिनिटं घेतात. भर उन्हातून पुलाखाली शिरलं की त्या मिनिटांत आपण गुहेत. शिवाय आपल्याकडच्या उकाड्यात त्या तितक्या काळ्याही होत नाहीत, थंडीत जास्त होतात, म्हणजे मुंबईसाठी नाहीतच म्हणा. चुंबकाने वर चिकटणारी काळी क्लिप मला बरी पडते, पूल आला की एका बोटाने उचलायची.

"लेन्स का नाही लावत" हा पुढचा प्रश्न. लावल्या होत्या की, आठ महिने. वाऱ्याने डोळे कोरडे पडायचे आणि खोदकामाची धूळ एकदा आत गेली की रस्त्याच्या कडेला उभं राहून कुठल्या हाताने लेन्स काढायची, ब्रेकच्या काळ्या हातांनी? नळाच्या पाण्याने तर लेन्स धुवायचीच नसते, त्यातल्या एका सूक्ष्म जंतूने बुबुळाला वाईट इन्फेक्शन होऊ शकतं, डोळा जाण्यापर्यंत. ज्यांना जमतं त्यांनी लावाव्यात, पण वरून साधा गॉगल घालून.

पडल्यानंतर डॉक्टरांनी पडदा तपासायला सांगितला, कारण मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो आणि आतला पडदा ताणलेला, तो फाटायची किंवा सुटायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने पडदा सरकल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी जायचं, उद्यावर टाकायचं नाही. हे माझ्यासारख्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. मी तपासायला अर्थातच सायकलने गेले. शहाणी मी! डोळ्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, पडदा ठीक आहे म्हणाले, आणि दुपारी एक वाजता दवाखान्याच्या दारात आले तर समोर नुसता पांढरा उजेड. त्या उजेडात हॉर्न. किती वेळ असं राहील विचारलं तर चार-पाच तास. सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले, पाऊण तास, सावलीसावलीने, एका हाताची डोळ्यांवर झापडं करून, आणि नाक्यावरच्या फुलवालीने विचारलं, "ताई, पंक्चर का?" मी हो म्हटलं.

आता ज्यामुळे हे पत्र खरं तर सुचलं ते. आमच्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमनकाका भांडुपहून सायकलने येतात. त्यांच्या डोळ्यावर चष्मा असतो म्हणून मी एकदा सहज विचारलं, काका नंबर किती? म्हणाले, "माहीत नाही ताई, पोराचा जुना आहे. त्याला नवीन केला, हा चांगला होता." मी गप्प झाले. मोटारसायकलचं लायसन्स काढायला जो फॉर्म भरतो त्यात एक प्रश्न असतो, २५ मीटरवरून दिवसाउजेडी, चष्मा असेल तर तो लावून, गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का. सायकलला लायसन्सच नाही त्यामुळे हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारू पण नये, नाहीतर उद्या पाववाल्याकडे पावती मागतील. पण मुंबईत सायकल कोण चालवतं बघा ना, मरीन ड्राइव्हचं सोडून. पहाटेचा पाववाला, मागे ॲल्युमिनियमची टोपली आणि भोंगा लावलेला इडलीवाला, दूधवाला, पेपरवाला (तुमचाच पेपर टाकतो), डबेवाले, वॉचमन. अंधारात निघणारी माणसं सगळी, आणि यातल्या किती जणांच्या डोळ्यावर चष्मा आहे ते उद्या सकाळी मोजा.

मी आणि काकांनी गंमत म्हणून ती नंबरप्लेटची परीक्षा घेतली. गेटपासून पस्तीस पावलं मोजली, तिथे जोशींची गाडी उभी होती. आधी मी, सायकलचा चष्मा लावून, चारही आकडे बरोबर. मग चष्मा काढून. काका म्हणाले वाचा, मी म्हटलं काका गाडी कुठेय? मग त्यांची पाळी. पोराचा चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि म्हणाले एमएच शून्य तीन. मुलुंडमध्ये सगळ्याच गाड्या एमएच शून्य तीन असतात, मी म्हटलं पुढचे सांगा. ते हसायला लागले.

महिन्याभराने जवळच एका शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं, तिथे त्यांना अक्षरशः ढकललं. उजव्या डोळ्याला नंबर निघाला, डाव्यात नंबर आणि मोतीबिंदूची सुरुवात, आणि पोराचा चष्मा दोन्ही डोळ्यांना चुकीचा. नवीन साधा चष्मा झाला, हजाराच्या आत. परवा रात्री ड्युटीवर आले ते सायकल स्टँडला लावायच्या आधीच मला म्हणाले, "ताई, तुमच्या त्या गल्लीतला ब्रेकर आहे ना, तो एवढा मोठा आहे?"

तो अजून रंगवलेला नाही. तेवढं छापा.

आपली,
एक चष्मेवाली सायकलस्वार,
मुलुंड (पूर्व), मुंबई